खांद्याचं कोणी विचारलं नाही

भाऊ गेल्याच्या बाराव्या दिवशी मुंबईहून फोन आला. एका जुन्या क्रिकेट क्लबाचे सचिव बोलत होते. "फार वाईट झालं," असं ते म्हणाले, आणि लगेच पुढे म्हणाले, "तो तुमच्याकडचा डीपला उभा राहणारा खेळाडू आहे ना, त्याचा या महिन्याचा अहवाल आलेला नाही."

घरात तेराव्याच्या सामानाची यादी चालली होती. मी म्हणालो, "पाठवतो." त्या दिवसांत मला कोणी काहीही मागितलं असतं तरी मी पाठवतो म्हटलं असतं.

भाऊ माझ्याहून सात वर्षांनी मोठा. शाळेत खेळाचा मास्तर होता. निवृत्त झाल्यावर अकरा वर्षं या क्लबासाठी तो जिल्ह्यातले खेळाडू बघत हिंडायचा आणि दर महिन्याला त्यांच्याविषयी लिहून पाठवायचा. पाठवायचा म्हणजे मी पाठवायचो. नजर त्याची आणि अक्षर माझं. मी कणकवलीच्या एका कॉलेजात तीस वर्षं ग्रंथपाल होतो, त्यामुळे कुटुंबात लिहिण्याचं प्रत्येक काम माझ्याकडे येतं. लग्नपत्रिका आणि तक्रारअर्ज मीच लिहितो. भावाच्या निधनाची बातमीही मीच लिहिली.

संध्याकाळी तो ओटीवर बसून सांगायचा आणि मी लिहायचो. तो म्हणायचा, "बॉल बॅटीक लागाच्या आदी हेचे पाय सुटतत. ह्या हेका कोणी शिकवूक नाय. आणि आता शिकवतलंय म्हणान कोण इलो, तर तेका पयलो हाकलून घालूक व्हयो." मी लिहायचो, "खेळाडूस चेंडूचा अंदाज उपजत असून प्रशिक्षणामुळे त्यास बाधा येऊ नये." सचिव फोनवर माझ्या भाषेची तारीफ करायचे. भाऊ हसायचा. माझ्या भाषेत तो किती नीरस होतो हे त्याला ठाऊक असावं. मला ते कळायला अकरा वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा तो ऐकायला नव्हता.

तर हा खेळाडू. तेवीस वर्षांचा, आमच्याच किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या घरातला. बाप रापणीत. रापण म्हणजे होडीने अर्धवर्तुळात लांबच लांब जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर माणसांनी ओढायचे. जो दोराला हात लावतो त्याला वाटा मिळतो. हा लहानपणापासून ओढत आलेला. फलंदाजीला आठव्या क्रमांकावर यायचा आणि लवकर परतायचा. गोलंदाजी करत नसे. त्याला संघात घेणं म्हणजे लग्नाला एखाद्याला फक्त पाणी वाढायला बोलावणं, असं गावातल्या क्लबाचे अध्यक्ष म्हणायचे. या अध्यक्षांना क्रिकेटमधलं एवढंच कळत होतं की बॅनरवर आपला फोटो कुठे यावा.

भावाचं मत वेगळं होतं. या माणसाच्या बाजूला मारलेला चेंडू सीमेपर्यंत जात नाही, आणि हे धावफलकात कुठेच दिसत नाही, म्हणून कोणाला कळत नाही, असं तो म्हणायचा. त्याच्या वहीत या खेळाडूची दोन पानं होती. एकावर खेळ, दुसऱ्यावर दुखापती. दुसरं पान आधी भरलं होतं. घोटा, डाव्या हाताचं बोट, मांडीचा स्नायू, मग उजवा खांदा, परत खांदा, आणि परत खांदा.

लोकांना यात गंमत वाटायची. तो लंगडत बाहेर आला की झाडाखालून कोणीतरी ओरडायचं, "रे, तेका कापसात गुंडाळून माळ्यार ठेवा! चतुर्थीक काढूया!" आणि दुसरा म्हणायचा, "काडतानाच तुटतलो मेलो!" असले विनोद करणाऱ्यांपैकी एकालाही मी कधी धावताना पाहिलेलं नाही. त्यांना एसटी पकडायलाही धावता येत नाही, ती निघून जाते आणि ते तिला शिव्या देतात.

मी मैदानावर जाऊ लागलो. टेनिस बॉलच्या स्पर्धा आमच्याकडे सगळ्या गावाच्या असतात. गुणलेखकाच्या टेबलापाशी बक्षिसाचा बोकड बांधलेला असतो, कर्ण्यावर समालोचक ओरडत असतो, आणि खेळपट्टीपेक्षा पुढाऱ्यांची चित्रं मोठी असतात. लेदर बॉलचे सामने मात्र कोणी बघत नाही. तिथे बावीस खेळाडू, दोन पंच, मी आणि एक कुत्रा एवढेच असायचो. मुंबईच्या क्लबाला लेदर बॉलचाच अहवाल हवा असायचा.

मला काहीच कळत नव्हतं. तीस वर्षं पुस्तकं हाताळलेल्या माणसाला वाटतं की नीट लक्ष दिलं की काहीही कळतं. हा आम्हा पुस्तकवाल्यांचा जुना माज आहे. दोन सामने मी चेंडूकडे बघत बसलो आणि काही हाती लागलं नाही. तिसऱ्या सामन्यात मी चेंडूचा नाद सोडला आणि फक्त त्या एका माणसाकडे बघत राहिलो.

तो चेंडूपर्यंत अजूनही सगळ्यांच्या आधी पोचत होता. पण उचलल्यावर फेकत नव्हता. चेंडू घेऊन पळत यायचा आणि जवळच्या माणसाला खालून द्यायचा. तेवढ्यात फलंदाज दुसरी धाव काढायचे. त्याचेच सोबती ओरडायचे, "टाक रे! अंडा आसा काय ता?" पाण्याच्या वेळी त्याने बाटली डाव्या हाताने घेतली. सामना संपल्यावर शर्ट काढताना तो कमरेत वाकला आणि डाव्या हाताने उजव्या बाहीतून हात काढून घेतला, दुसऱ्या कोणाचा तरी हात असावा तसा.

परतताना कसालला गाडी बदलायची होती. तो स्टँडच्या बाकावर माझ्या शेजारी बसला.

"उजवा हात वर कर," मी म्हणालो.

"कित्याक?"

"कर तर."

तो हसला. आम्हा दोघा भावांना गाव मोठे मास्तर आणि धाकले मास्तर म्हणतं, मी आयुष्यात एक दिवस शिकवलेलं नसलं तरी. "धाकले मास्तरानू, तुमी लायब्ररीत होतास मां? काय डॉक्टर होतास?"

"कितीदा निखळला?"

"माका काय ठाऊक. मोठे मास्तर मोजी."

मग त्याने सांगितलं. आता खेळतानाच निघतो असं नाही. गेल्या आठवड्यात रापणीचा दोर ओढताना निघाला. होडीच्या कडेवर दाबून त्याने स्वतःच बसवला आणि परत दोर धरला. बापाला कळलं नाही. कळलं असतं तर बापाने वाटा सोडायला लावला नसता, पण बोलला असता, आणि त्याला तेच नको होतं.

"मुंबैची ट्रायल तीन आठवड्यार आसा," तो म्हणाला. "तुमी ह्या लिवू नकात."

गाडी आली.

दोन दिवसांनी मी त्याला कणकवलीत हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. हा डॉक्टर आमच्या कॉलेजचा विद्यार्थी. ग्रंथालयाचं एक पुस्तक अजून त्याच्याकडे आहे, त्यामुळे तो मला बाहेर ताटकळत ठेवत नाही. फोटो काढले, तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाला, खांदा जागेवर धरणारी आतली पट्टी फाटली आहे, ऑपरेशन लागेल, त्यानंतर सहा महिने फेकणं बंद. "केलं तर पुढच्या हंगामात पूर्वीसारखा फेकेल. नाही केलं तर एक दिवस जेवताना निघेल."

हे घरी कळलं. बाप अध्यक्षांकडे गेला, कारण ट्रायलला जाणारा हा गावातला पहिलाच होता आणि अध्यक्षांनी बॅनर छापायला दिलेला होता. दोघांनी ठरवलं की देवाला विचारायचं. आमच्याकडे यात काही विशेष नाही. विहीर खणायची असो, मुलगी द्यायची असो, नाटक बसवायचं असो, कौल घेतला जातो. देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. माझ्या भावाच्या ऑपरेशनचाही कौल घेतला होता. तो उजवा आला होता. तेव्हापासून मी देवळात गेलो नव्हतो.

त्या सोमवारी गेलो. गुरव पाकळ्या लावून बसला होता. गाऱ्हाणं घालायला अध्यक्ष स्वतः पुढे झाले. प्रचाराच्या सभेत लावायचा आवाज त्यांनी तिथे लावला.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराक मुंबैक खेळाक जाऊचा आसा!"

"व्हय म्हाराजा!" मागून सगळे.

"गावचा नाव मोठा करूचा आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"तर तेका धाडू काय? धाडूचा आसात तर उजवो दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पाकळी हलायला वेळ लागला नाही. उजवी पडली. बापाने डोळे पुसले. अध्यक्षांनी मोबाइल काढून फोटो घेतला. खेळाडूने डाव्या हाताने अंगारा लावून घेतला, आणि ते कोणी पाहिलं नाही.

गर्दी पांगल्यावर मी गुरवाला म्हणालो, "खांद्याचं काय?"

तो ताम्हण पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "इचारला ता देवान सांगला. खांद्याचा कोणी इचारूक नाय."

मी घरी येईपर्यंत मनात या लोकांना हसत होतो. एवढी माणसं जमली, एवढा मोठा देव, आणि विचारलं काय, तर धाडू की नको! ज्या एका गोष्टीवर सगळं अडलं होतं तिचा उच्चारही नाही. मला वाटलं, मी बरा. माझ्यापुढे कागद आहे आणि कागदावर खरं लिहिता येतं.

सचिवांचा निरोप मोबाइलवर आलेला होता. अहवाल आला नाही, आधीच्या अहवालांत दुखापतींचा उल्लेख आहे, तरी खेळाडू निवड चाचणीपर्यंत तंदुरुस्त होईल का, होय किंवा नाही कळवावे. मी रात्रभर वगैरे जागलो नाही. चहा घेतला आणि लिहिलं, "नाही." उत्तर दुपारी आलं. "धन्यवाद. नाव वगळले आहे."

मला अभिमान वाटला, हे इथे लिहून ठेवतो. भाऊ असता तर त्यानेही हेच केलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. मेलेल्या माणसाकडून हवी ती संमती घेता येते.

बाप दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात आला. पायरी चढला नाही. "देवान उजवो दिल्यान," तो म्हणाला, "आणि तुमी डावो!"

"डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टराक कोणी इचारल्यान? मोठे मास्तर गेले आणि माझ्या झिलाचा नशीब घेऊन गेले." आणि तो निघून गेला.

गावाने माझ्याशी बोलणं बंद केलं नाही, तेवढी मेहनत कोणी घेतली नाही. मी दुकानात गेलो की फक्त आवाज थोडे खाली यायचे. अध्यक्ष म्हणाले म्हणे, की पुस्तकातल्या किड्याला मैदानातलं काय कळतं. छापून झालेला बॅनर त्यांनी गोठ्याच्या छपरावर टाकला. तिथे तो खेळाडू आडवा पडून सगळ्यांकडे बघत हसत होता.

तो स्वतः मला टाळत होता. ट्रायलच्या आदल्या रविवारी गावात टेनिस बॉलची स्पर्धा होती आणि त्यात तो उतरला. मी बोकडाच्या अलीकडच्या खुर्चीवर बसलो होतो. दुसऱ्याच सामन्यात एक उंच फटका त्याच्या बाजूला गेला. तो पळाला, आणि त्या धावण्यात मला पहिल्यांदा कळलं की भाऊ अकरा वर्षं मला काय सांगत होता. त्याने चेंडू अडवला, उठला, आणि फेकला. बहुधा मला दाखवायला फेकला. चेंडू तीन पावलांवर पडला आणि तो गुडघ्यांवर बसला.

कर्ण्यावर समालोचक म्हणाला, "आणि आमचो काचेचो हिरो परत फुटलो हा, मंडळी!" लोक हसले. मी मैदानात चालत गेलो. कोणीतरी ओरडलं, "धाकले मास्तर बॅटिंगक इले!" तेव्हाही लोक हसले. असल्या जागी माणसाला एकदा हसायला मिळालं की दुसरं काही दिसत नाही.

अध्यक्षांची गाडी मैदानातच उभी होती, पण तिच्यावर कर्णे बांधलेले होते. आम्ही रिक्षाने कणकवलीला निघालो. या वेळी खांदा बसत नव्हता. प्रत्येक खड्ड्याला तो ओठ चावायचा. कसाल मागे पडल्यावर तो म्हणाला, "तुमका तेनी काय इचारल्यानी होता?"

"ट्रायलपर्यंत बरा होशील का."

"मगे?"

"मी नाही म्हटलं."

"आनी?"

"एवढंच."

"ऑपरेशन केल्यार पुढच्या वर्साक बरो होतलो, असा डॉक्टर बोल्लो होतो. तुमच्या म्होरच बोल्लो. ता तुमी लिवल्यात नाय?"

"त्यांनी विचारलं नव्हतं," मी म्हणालो.

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मला गुरवाचा आवाज ऐकू आला. गुरव निदान देवाच्या वतीने बोलत होता. देवाला कोणी विचारल्याशिवाय बोलायची सोय नाही. मला होती. मोबाइल माझ्या हातात होता आणि भाषा, जिची इतकी तारीफ व्हायची, ती सगळी माझ्याकडे होती. मी एक शब्द लिहिला, कारण एका शब्दात मी खरा ठरत होतो आणि अंग झटकूनही मोकळा होत होतो. गावाने देवाकडून हवं ते वदवून घेतलं होतं. मी तर न बोलून एका माणसाचं नाव यादीतून काढवलं होतं, आणि वर देवळातल्यांना हसलो होतो.

खांदा बसवला गेला. ऑपरेशनला मात्र बाप तयार होईना. देवाने धाडायला सांगितलं होतं, कापायला नाही, असं त्याचं म्हणणं. शेवटी त्याची आई एकटीच देवळात गेली. ती बाजारात मासे विकते, होकार कसा काढायचा हे तिला अध्यक्षांपेक्षा जास्त कळतं. तिने मला नंतर सांगितलं, "पयलो कौल डावो इलो. दुसरो पण डावो. मगे मी म्हटलंय, म्हाराजा, कापूचा काय ता डॉक्टर बघीत, तू इतक्याच सांग, माझ्या झिलाचो हात बरो होऊचो आसा काय नाय? लगीच उजवो." तिच्या चेहऱ्यावर कसलीही शंका नव्हती. मी हसलो नाही. हसायचा हक्क मी रिक्षात घालवला होता.

ऑपरेशन झालं. मी सचिवांना पत्र लिहिलं, कोणी न विचारता. लिहायला चार दिवस लागले. "तक्रार", "बाधा", "विश्रांती" असले शब्द येत होते आणि मी ते खोडत होतो. शेवटी खांदा कितीदा निघाला, कुठे निघाला, कोणी बसवला, मी काय लिहायचं टाळलं, हे सगळं साधं लिहिलं. भावाच्या वहीतली दोन्ही पानं सोबत जोडली. दोन महिने उत्तर नाही. मग एक छापील अर्ज आला. उंची, वजन, शिक्षण यांना भरपूर जागा होती. वडिलांच्या व्यवसायाला दोन ओळी. "दुखापत, असल्यास" यापुढे नखाएवढा चौकोन.

खेळाडूच्या घरी पडवीत बसून आम्ही तो भरला. तो हातातला रबराचा चेंडू दाबत होता, डॉक्टरने सांगितलं होतं तसा.

"नाय म्हणान लिवा," बाप आतून म्हणाला. "आता खंय दुखता?"

"सगळा लिवा," खेळाडू म्हणाला. "एकदम पयल्यापासून."

चौकोनात "सोबतचा कागद पाहावा" एवढंही मावलं नाही. "पाहावा" खालच्या ओळीत, जातीच्या रकान्यात गेलं.

पंधरा दिवसांनी सचिवांचा फोन आला. "एवढं सगळं कोण वाचणार हो? तुमचे भाऊ असं पाठवत नसत."

"ते असंच सांगत," मी म्हणालो. "मी तसं पाठवत नव्हतो."

त्यांना हे कळलं नसावं. कोणाला कळावं म्हणून मी बोललोही नव्हतो. ते म्हणाले, "ठीक आहे. जानेवारीत येऊ दे त्याला. बघू."

सांगायला मी किनाऱ्यावर गेलो. रापण ओढणं चालू होतं. तो उजवा हात अंगाशी धरून डाव्या हाताने दोर ओढत होता. डॉक्टरने अजून परवानगी दिलेली नव्हती आणि हे बापाला आणि त्याला दोघांनाही माहीत होतं. मला बघून दोघे थांबले. दोर हातातच होता.

"काय म्हणतत?" बापाने विचारलं.

"जानेवारीत बोलावलंय. बघू म्हणाले."

"बघू म्हंजे?"

"बघू म्हणजे बघू. घेतो म्हणाले नाहीत."

बाप वाळूत थुंकला. मुंबईच्या सचिवावर की माझ्यावर, ते कळलं नाही, दोघांवरही असावं. त्याने मुलाच्या हाताकडे बघितलं आणि त्याच्यावर खेकसला, "सोड तो दोर. बघू म्हणतत तर तेंका बघूक काय तरी उरव."

मुलाने दोर सोडला. मागच्या माणसाने एक पाऊल पुढे येऊन त्याची जागा घेतली, आणि जाळं येत राहिलं.